घाटभावाचं घमेलं

मित्रांनो, मी एक जुनं घमेलं आहे. माझा जन्म कुठे झाला, मला किती पोचे आले, हे सांगेनच. पण आधी विनीतचा फायदा मोजून घेऊ, कारण पाऊल टाकण्याआधी त्यानेही तोच मोजला होता.

मुंबईहून शिर्डीपर्यंत पालखीबरोबर चालत जायचं, यात विनीतला काय काय दिसत होतं? पोट आत जाणार, म्हणजे कपाटातल्या जुन्या पँटी पुन्हा कामाला येणार. ऑफिसच्या साहेबाचं तोंड काही दिवस दिसणार नाही. गिरगावातल्या फणसवाडीत आईच्या मैत्रिणी म्हणणार, "मुलगा सुधारला हो." साईबाबा काय देतील ते वेगळंच. खरं सांगू का, हे सगळे फायदे त्याने आईला सांगण्यापुरते जमवले होते. मूळ फायदा एकच होता आणि तिचं नाव नम्रता.

नम्रता त्याच्याच ऑफिसात, लोअर परळला, अकाउंट्समध्ये. दोघांचं जमून बरेच दिवस झाले होते, फक्त घरी सांगायचं राहिलं होतं. तिचे बाबा म्हणजे जयवंत, बेस्टमध्ये कंडक्टर आणि डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीच्या पालखीचे प्रमुख. "बाबांना चालणारी माणसं आवडतात," असं ती एकदा सहज म्हणाली. विनीत म्हणजे गिरगावात राहून चौपाटीला टॅक्सीने जाणारा माणूस. पण त्याने ते वाक्य उचललं, खिशात ठेवलं आणि पालखीत नाव देऊन टाकलं. "नम्रताच्या ऑफिसातले आहेत, हौशी आहेत," एवढीच त्याची ओळख चाळीला करून दिली गेली.

आता माझ्याबद्दल थोडं.

मी कारखान्यात सपाट पत्रा म्हणून आत गेलो आणि एका दणक्यात खोलगट होऊन बाहेर आलो. माझं तारुण्य गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांत गेलं. सिमेंट, खडी, वाळू, दिवसभर डोक्यावरून डोक्यावर. कौतुक म्हणाल तर एवढंच की मुकादम ओरडायचा, "घमेलं कुठाय, घमेलं?" माझ्यावाचून एका इमारतीचं काम थांबलेलं मी पाहिलंय. नंतर आमच्या चाळीच्या मोरीच्या दुरुस्तीला मला आणलं आणि काम संपल्यावर मजूर मला तिथेच विसरून गेले. जयवंतची आई रमाबाई जिन्यातून जात होती. तिने मला पायाने उलटं करून पाहिलं, भोक नाही अशी खात्री केली आणि जाहीर केलं, "ह्यां आता आपलां." मालकी ठरवायची याहून सोपी रीत मी आजवर पाहिलेली नाही.

मग होळीची राख माझ्यात, गणपतीचं निर्माल्य माझ्यात, गळक्या छपराखाली मी. एका चैत्रात रमाबाईने मला पालखीच्या सामानाच्या टेम्पोत टाकलं. ती स्वतः चालत नाही, गुडघे तिला परवानगी देत नाहीत. ती टेम्पोत बसून पुढे जाते, मुक्कामाला चूल पेटवते, गरम पाण्यात मीठ टाकते आणि चालून आलेल्यांचे पाय माझ्यात बुडवते. तेव्हापासून मी पायांच्या धंद्यात आहे.

आणि मित्रांनो, पायांच्या धंद्यासारखी करमणूक नाही. "सगळा रस्ता अनवाणी चाललो, साईराम," असं छातीठोकपणे सांगणाऱ्याच्या पावलावर चपलेच्या पट्ट्याची गोरी रेघ मला दिसते. कोणाचे पाय बुडवल्यावरही पाणी स्वच्छच राहिलं, की मी समजतो, साईराम दुपारभर टेम्पोत होते. बोलत काही नाही. घमेल्याने बोलायचं ठरवलं तर पालखीत माणसं उरायची नाहीत.

आमच्या पालखीची एक चाल आहे. दुसरीकडे शोधायला जाऊ नका, ती आमचीच. कसारा घाट चढायच्या आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा आलेल्यांना ओळीने बसवतात. कोणीतरी जुना वाटसरू त्यांच्यापैकी एकाचे पाय माझ्यात धुतो, पुसतो आणि म्हणतो, "आजपासून तू माझा घाटभाऊ." हे नातं जन्माचं. घाटभावाच्या घरी लग्न असो की दुखणं, सख्ख्या भावासारखं उभं राहायचं. आमच्या चाळीत सख्ख्या भावांनी एकमेकांची तोंडं बघायचं सोडलेलं आहे, पण घाटभावाशी कोणी बोलायचं थांबलेलं नाही.

साधारणपणे बरोबरीचा माणूस बरोबरीच्याचे पाय धुतो. विनीतसाठी गौतम तयार होता. गौतम म्हणजे आमच्याच मजल्यावरचा, पालखीत ढोलकी वाजवणारा. तो म्हणाला, "ये रे गिरगाव, बस."

विनीतने ही चाल अर्धीच ऐकली होती. मोठ्या माणसाकडून पाय धुवून घेणं म्हणजे मान, एवढाच अर्धा भाग त्याच्या कानात शिरला होता. त्याने समोर पाहिलं, तर जयवंत बाजूला उभा होता. विनीत लगेच म्हणाला, "गौतम, आधी यांचे घ्या ना, मला घाई नाही." मग एकाला पुढे सरकव, दुसऱ्याला पाणी दे, तिसऱ्याचा टॉवेल धर, असं करत करत तो बरोब्बर जयवंतच्या समोर येऊन टेकला. लोक म्हणाले, काय विनय आहे पोरात! मी काय म्हणालो ते सोडा.

जयवंत बाही सारून खाली बसला आणि त्याने त्याचे पाय हातात घेतले. मी पुष्कळ हात पाहिलेत, पण इतक्या सावकाश चालणारे कमी. फोडांना धक्का लागू न देता तो बोटाबोटांमधली धूळ काढत होता. जयवंतचा सख्खा धाकटा भाऊ खोलीच्या वाटणीवरून रुसून बदलापूरला गेला, तो गणपतीतसुद्धा येत नाही. त्यानंतर इतक्या वर्षांत जयवंतने कोणाचे पाय धुतले नव्हते. दरवर्षी बाजूला उभा राहायचा. या वर्षी एक पोरगा आपणहून समोर येऊन बसला, ही त्याला साईबाबांची खूणच वाटली. "आजपासून तू माझा घाटभाऊ," असं म्हणत त्याने ते आपल्याच टॉवेलने पुसले.

विनीतला वाटलं, साईराम म्हणतात तसंच काहीतरी असेल. त्याने हात जोडले आणि प्रसन्न हसला.

दुसऱ्या दिवशी घाट चढून, इगतपुरीला दुपारची भाकरी खाऊन पालखी संध्याकाळी घोटीला टेकली. विनीतचे पाय माझ्यात होते आणि फोन स्पीकरवर, कारण हाताला तेल लागलं होतं.

"काय केलंस तू?" नम्रताचा आवाज.

"काय केलं म्हणजे? चाललो. दोन्ही टाचांना फोड आलेत. पण तुझे बाबा..."

"बाबांकडून पाय धुवून घेतलेस?"

"हो! स्वतः धुतले त्यांनी. काम झालं म्हणून समज."

"झालंच. चाळीच्या ग्रुपवर व्हिडिओ आलाय. खाली आईने काय लिहिलंय वाचून दाखवू? 'भावजींचं आपल्या घरात स्वागत.' भावजी! आणि आजीचा टेम्पोतून फोन आला होता मला. म्हणते, काका आले की वाकून नमस्कार करायचा."

माझ्या पाण्यातली दहाही बोटं आखडली.

"काका?"

"गाढवा, तू माझा काका झालास."

"अगं पण हे रद्द..."

"कंडक्टरने फाडलेलं तिकीट परत घेतलेलं पाहिलंयस कधी?" असं म्हणून तिने फोन ठेवला. तिचं मार्चअखेरचं काम तुंबलं होतं, नाहीतर अजून ऐकवलं असतं.

सकाळी विनीत पाठपिशवी भरून एसटी स्टँडच्या दिशेने निघाला. त्याचा हिशेब सरळ होता. ज्या मुलीसाठी चालायचं तिचा काका होऊन पुढे चालण्यात नफा शून्य. टेम्पोच्या फळीवरून मला सगळं दिसत होतं. तेवढ्यात मागून जयवंत आला.

"काय रे, पाय दुखतात?"

"हो... म्हणजे... जरा."

जयवंतने त्याच्या खांद्यावरून पिशवी काढली आणि आपल्या खांद्यावर टाकली. "मग बोलायचं नाही का? भाऊ आहेस ना? चल, पुढे चला, पुढे चला."

तो कंडक्टर माणूस. त्याच्या 'पुढे चला'ला मुंबईत कोणी नाही म्हणू शकलेलं नाही. विनीत पुढे चालला.

आणि तिथून पुढे काहीतरी झालं, ते मला रोज संध्याकाळी पायांतून कळत गेलं. घोटीनंतर त्याने फोड मोजणं सोडलं. सिन्नरच्या वाटेवर त्याच्या तळव्यांना कांद्याच्या शेतातली लाल माती लागून आली, म्हणजे साहेब रस्ता सोडून बांधावरून चालू लागले होते. एका संध्याकाळी पायांना कलिंगडाचं पाणी चिकटलेलं होतं. एका सकाळी दवात भिजलेले पाय आले, सगळ्यांच्या आधी उठलेले. वावीजवळ एका म्हातारीने रस्त्याच्या कडेला माठ मांडला होता. ती प्रत्येकाला पाणी देऊन वर गुळाचा खडा द्यायची आणि सांगायची, "बाबांना माझा नमस्कार सांग." विनीत तिथे थांबला आणि तिच्याबरोबर पाणी वाटायला लागला. पालखी पुढे गेली, तरी त्याला निघवेना. रात्री जयवंतला म्हणाला, "दादा, तिने सगळ्यांना एकच निरोप दिलाय. बाबांना किती वेळा तोच नमस्कार मिळणार?"

जयवंत म्हणाला, "तू तुझा सांग. बाकीचे विसरले तर?"

त्याने 'दादा' म्हटलं, ते मी टिपून ठेवलं.

शिर्डीचं देऊळ मी पाहिलेलं नाही. घमेल्याला आत कोण घेतं? मी टेम्पोत. पण दर्शन करून आलेल्या पायांना गार फरशीचा स्पर्श लागलेला असतो, तो मला पुरतो. विनीतचे पाय आले तेव्हा तेही गार होते. त्याने काय मागितलं, असं गौतमने विचारलं. विनीत म्हणाला, "आयला, मागायचंच विसरलो. म्हातारीचा नमस्कार सांगितला आणि बाहेर आलो."

जायला इतके दिवस लागले आणि परतायला एक झोप. बसमधून उतरले ते डोळे चोळतच.

मित्रांनो, दरवर्षी परतल्यावर मला जिन्याखाली टाकतात. तिथे एक मांजर माझ्यात झोपतं आणि पुढच्या चैत्रापर्यंत मला त्याच्याशिवाय कोणी विचारत नाही. पालखीहून आलेल्यांना दोन-चार दिवस चैन पडत नाही, पण मग ते पुन्हा कामाला लागतात. "उतरता हळूहळू," रमाबाई म्हणते. या वर्षी मात्र उतरेना.

गौतम घरातला पलंग सोडून गॅलरीत सतरंजीवर झोपू लागला. जयवंत तिकीट फाडताना प्रवाशांना "साईराम" म्हणायला लागला आणि एक बाई त्याला म्हणाली, "साईराम नको, वरळी द्या." विनीतचं तर विचारूच नका. पहाटे गिरगावात त्याला आपोआप जाग यायची आणि तो पाठपिशवी शोधायचा. आई म्हणायची, "अरे, कुठे निघालास? दूधसुद्धा आलं नाही अजून." ऑफिसात त्याने टेबलाखाली बूट काढून ठेवायला सुरुवात केली. मीटिंगमध्ये साहेबाला "हो साई" म्हणाला, तेव्हा साहेब चिडण्याऐवजी खूश झाला, हा एक न धरलेला फायदा. गिरगावाहून लोअर परळला तो चालत यायला लागला आणि सिग्नलला थांबला की त्याला वाटायचं, आता कोणीतरी ताक घेऊन येईल. कोणी येत नसे. मुंबईत चालणाऱ्याला ताक देत नाहीत, हॉर्न देतात.

आणि रोज संध्याकाळी तो आमच्या गॅलरीत हजर. रमाबाई मांजराला हुसकून मला बाहेर काढायची, पाणी तापवायची आणि मीठ टाकायची. पाय कोणाचेच दुखत नव्हते, पण बुडवायचे सगळेच.

लोकांना वाटेल, नम्रतासाठी येत असेल. मलाही आधी तेच वाटलं. पण नम्रता अजून तुंबलेल्या कामात अडकलेली, उशिरा घरी यायची आणि हा मात्र लवकर येऊन बसायचा. प्रेमात पडलेला माणूस मुलगी घरी नसताना तिच्या बापाचे पाय शेकायला येत नाही, एवढा व्यवहार मला कळतो.

"दादा, ते कलिंगड सिन्नरच्या आधी खाल्लं की नंतर?"

"आधी. तिथे तो कुत्रा नव्हता का मागे लागला?"

"कुत्रा नंतर. कुत्र्याच्या वेळी तुमची टोपी उडाली होती."

"टोपी घाटात उडाली रे!"

यावर ते तासभर भांडायचे आणि दोघांचे चेहरे उजळलेले असायचे. आतून नम्रताची आई, रुपाली, हाक मारायची, "भावजी, थालीपीठ टाकू का?" आणि विनीत जीव मुठीत धरून म्हणायचा, "टाका... वहिनी."

नम्रता एकदा जिन्यातच त्याच्याशी बोलली. मी जिन्याखालीच होतो, मांजरासकट.

"कधी सांगणार आहेस बाबांना?"

"आज सांगणार होतो."

"कालही आजच सांगणार होतास."

"तूच सांग ना."

"मी सांगितलं तर सगळे म्हणतील, पोरीने बापाचा घाटभाऊ तोडला. नातं तू जोडलंस, तूच बोल." मग जरा थांबून म्हणाली, "घाबरतोस का बाबांना?"

"नाही गं. सांगितलं की या संध्याकाळीही संपतील. ते माझ्याशी पुन्हा कुत्र्यावरून भांडणार नाहीत."

 वर जाताना तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली, काकाला मारतात तशी नव्हे.

मग शुक्रवारी जयवंतने बॉम्ब टाकला.

"विनीत, रविवारी मोकळा आहेस ना? नम्रतासाठी शीवचं स्थळ आलंय. सौमित्र नाव आहे मुलाचं. माझा भाऊ तर येणार नाही, तेव्हा काका म्हणून तूच चल मुलगा बघायला."

माझं पाणी एकदम हललं. दारात नम्रता ऑफिसची बॅग घेऊन उभी होती. तिने विनीतकडे पाहिलं. विनीतने माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काही सुचवणार होतो. रमाबाईने दोघांकडे पाहिलं आणि जपमाळ जरा जोरात ओढली.

विनीत गेला. रविवारी संध्याकाळी दोघं परत आले ते शीवहून चालतच. बस होती, टॅक्सी होती, पण दोघांनाही चालायची संधी सोडवली नाही. गॅलरीत सगळे वाट बघत होते. "आधी तू," म्हणत जयवंतने विनीतला बसवलं. विनीतचे पाय माझ्यात आणि जयवंत शेजारी धुळीच्या पायांनी बसलेला.

"बोल काका, तुझा काय रिपोर्ट? मी तुझ्यावरच सोडलंय."

मित्रांनो, इथे एक वाकडा शब्द पुरला असता. 'मुलगा जरा तिरसट वाटतो' एवढं म्हटलं असतं तरी शीवचं स्थळ शीवलाच राहिलं असतं. ज्या माणसाने पाय धुवून घेण्याआधी रांगेचा हिशेब केला होता, त्याला हे सुचलं नसेल असं मी म्हणत नाही. त्याच्या अंगठ्याने माझ्या तळावर दोनदा रेघ ओढली.

"मुलगा चांगला आहे, दादा," तो म्हणाला. "सरळ बोलतो, आईबापांना धरून आहे. मी खोट काढायला गेलो होतो, पण सापडली नाही."

"मग हो म्हणू?"

"नाही."

"का?"

"नम्रताला मी हवा आहे. आणि मला ती. पालखीच्या आधीपासून."

गौतम ढोलकीची दोरी ताणत होता, त्याचा हात थांबला. आतून रुपाली उलथनं घेऊन धावत आली. "भावजी!" असं ओरडली आणि स्वतःच्याच शब्दावर जीभ चावली.

जयवंत समोरच्या कठड्याकडे बघत म्हणाला, "पाय धुताना सांगायचंस."

"तेव्हा भाऊ म्हणजे काय ते माहीत नव्हतं."

"आणि आता?"

"आता कळलंय, म्हणून तर इतके दिवस तोंड उघडलं नाही."

नम्रता पुढे आली. "बाबा, माणूस तर तुम्हाला आवडतो ना?"

"आवडतो म्हणूनच!" जयवंत पहिल्यांदाच ओरडला. "जावई काय, शीवला मिळतो, माहीमला मिळतो. भाऊ कुठून आणू मी?"

 मग रमाबाईने जपमाळ पिशवीत ठेवली. "झिला, भावपण परत करूची रीत आसा."

"माहीत आहे, आई. आजवर कोणी केलेलं नाही."

"कोणी केलां नाय, म्हणून रीत मोडली नाय. ज्याचे पाय धुतले, त्याने धुणाऱ्याचे धुवायचे. चार माणसांत, ह्याच घमेल्यात. मग दोघे सुटले." ती विनीतकडे वळली. "लाज वाटतली तुका. भाऊ परत करतंस, लहान गोष्ट नाय ती."

विनीत उठला. माझ्यातलं पाणी बदललं, गरम पाणी घातलं आणि मीठ टाकलं. मग तो खाली बसला. वरच्या मजल्यावरचे लोक कठड्यावरून वाकून बघत होते. जयवंतने दोन्ही पाय पुढे केले. विनीतने डावा पाय धरून माझ्यात घेतला आणि तसाच धुतला, जसा कसाऱ्याला त्याचा धुतला गेला होता, सावकाश, बोटाबोटांतून. एक-दोन थेंब खारे पडले. मिठाचे नव्हते, मला फरक कळतो. डावा पाय पुसून झाला आणि त्याने उजव्याकडे हात नेला.

जयवंतने उजवा पाय मागे ओढून फरशीवर घट्ट रोवला.

"हा राहू दे."

"दादा?"

"डावा परत घेतला. घरात तू जावई. उजवा देत नाही. रस्त्याला लागलो की तू माझा भाऊ."

"असां कधी झालां नाय," रमाबाई म्हणाली.

"आता झालं ना, आई. पुढे चला."

रमाबाईने विचार केला. आमच्या चाळीत रीतीचा शेवटचा शब्द तिचा. ती म्हणाली, "एका पायान चालूक येता काय? दोन नाती, दोन पाय. चालात." आणि ती साखर आणायला आत गेली.

"म्हणजे पालखीत हा माझा काका?" नम्रताने विचारलं.

"कसाऱ्यापासून शिर्डीपर्यंतच," गौतम म्हणाला, आणि त्याने ढोलकीवर अशी थाप दिली की जिन्याखालचं मांजर पळालं. दुसऱ्या दिवशी शीवला फोन गेला. सौमित्रच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पुढच्या वर्षी तुमच्या पालखीत बाहेरच्यांना घेतात का हो?"

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, घमेल्याने शेवटी काहीतरी मागायला हवं. मागतो. आम्हाला जिन्याखाली टाकू नका. तुमच्याकडे चकचकीत बादल्या असतील, पण बादलीत एकाच माणसाचे पाय मावतात आणि तो एकटाच भिंतीकडे बघत बसतो. घमेल्याभोवती चौघं बसतात, भांडतात आणि कलिंगड कुठे खाल्लं ते पुन्हा पुन्हा आठवतात. घरी कोणी लांबून चालून आलं तर 'किती चाललास' हे नंतर विचारा, आधी पाणी तापवा.

आता राहिला हिशेब. विनीतचं पोट आत गेलं नाही, रुपालीच्या थालीपिठांनी होतं तिथेच ठेवलं. नम्रता मिळाली आणि न मागितलेला दादाही मिळाला, म्हणजे तो निव्वळ फायद्यात. नम्रताला नवरा आणि वर्षातले थोडे दिवस काका. गौतमला ढोलकीला निमित्त. रमाबाईला मोडलेली आणि तरी शाबूत राहिलेली रीत. मग या सगळ्याची किंमत भरली कोणी?

जयवंतने त्या रात्री उजवा पाय कोणाला धुवू दिला नाही. शीवपासूनच्या धुळीसकट तो तसाच अंथरुणावर घेतला. सकाळी रुपालीने चादर पाहिली, मला गॅलरीत आणून ठेवलं, चादर माझ्यात टाकली आणि साबणाची वडी नवऱ्याच्या हातात दिली.

"भाऊ तुमचा," ती म्हणाली, "चादर तुम्ही धुवा."

आणि त्याने धुतली, गुणगुणत.